गळलेलं उणे चिन्ह

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत दुर्बिणींवर पानभर लेख होता. लेखाशेजारच्या चौकटीत एक वाक्य आहे : ‘अवरक्त कॅमेरे थंड ठेवण्यासाठी १९६ अंश सेल्सिअस तापमानाचा द्रव नायट्रोजन वापरतात.’ आकड्याआधीचं उणे चिन्ह गळलंय. १९६ अंश म्हणजे भजी सोडायला तयार असलेलं तेल झालं.

छपाईत चिन्हं गळतात, त्याचं विशेष नाही. पण त्या आडव्या रेघेखाली माझी एकतीस वर्षं गेली आहेत. १९८७ साली आयटीआय करून एका संशोधन संस्थेत ट्रेड्समन म्हणून चिकटलो, २०१८ ला निवृत्त झालो. मधला बहुतेक काळ खगोलशास्त्राच्या अवरक्त (म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा उजेड टिपणाऱ्या) कॅमेऱ्यांचे थंड डबे बांधण्यात, ते गळत असतील तर गळती शोधण्यात आणि त्यांत एल-एन-टू ओतण्यात गेला. (द्रव नायट्रोजनला आमच्याकडे कुणी द्रव नायट्रोजन म्हणत नाही.) मी शास्त्रज्ञ नव्हे. त्यामुळे लेखातल्या तारे-दीर्घिकांबद्दल बोलणार नाही. कॅमेऱ्याबद्दल मात्र दोन विधानं अशी आहेत, की ती वाचून गप्प बसणं मला जमेना.

पहिलं विधान : ‘अवरक्त कॅमेरा म्हणजे अंधारात पाहणारा, लष्कराकडे असतो तसा कॅमेरा.’ जात एक आहे, हे खरं. पण सीमेवरचा जवान त्या कॅमेऱ्यातून माणूस बघतो. माणूस ३७ अंशाचा, मागची जमीन त्याहून गार, आणि दोघांकडूनही उष्णतेचे किरण भरपूर येतायत. दूरच्या ताऱ्याचं तसं नाही. तिथून डिटेक्टरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपच्या, एका ठिपक्यावर (पिक्सेलवर) सेकंदाला दोन-चार फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, आले तरी शास्त्रज्ञ खूश. कधी कधी एका फोटॉनसाठी मिनिटभर थांबावं लागतं. आणि इकडे दुर्बिणीची नळी, घुमट, कॅमेऱ्याचा डबा, बोल्ट आवळणारा माझा हात, सगळं त्याच किरणांत उजळलेलं. घरातल्या तापमानाच्या कुठल्याही वस्तूचा उजेड दहा मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वांत जास्त असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि त्याची शेपटी पार सव्वादोन मायक्रॉनपर्यंत पोचते. शास्त्रज्ञांचा आवडता ‘के’ नावाचा तरंगलांबीचा पट्टा नेमका तिथेच आहे.

गणपतीत ढोलपथकाशेजारी उभं राहून समोरच्या चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावरची कुजबुज ऐकायची, असं हे काम. तिथे मोठा माईक लावून उपयोग नाही. माईकमध्ये ढोलही मोठा होतो. ढोल थांबवावा लागतो, मग शेजारचे पंखे, मग घड्याळ, मग स्वतःचा श्वास. ‘अतिसंवेदनशील’ हा शब्द लेखात सात वेळा आलाय (मोजले), पण संवेदनशीलता येते कुठून ते एकदाही आलं नाही. ती येते खरखर कमी करून. आमच्या भाषेत नॉइज मारून.

उणे १९६ लागतं ते त्यासाठी. डब्याच्या आत आणखी एक डबा, मध्ये निर्वात पोकळी, आतल्या डब्याला चकचकीत ॲल्युमिनियमचं कवच, आणि सगळ्यांच्या पोटात डिटेक्टर. त्याच्या भोवतीच्या भिंती इतक्या गार की त्यांचा स्वतःचा उजेड त्याला दिसूच नये. शिवाय डिटेक्टरचं पीठच, म्हणजे तो ज्या पदार्थाचा बनतो तो पदार्थच, असा आहे की उष्णतेनं त्याच्यात आपोआप इलेक्ट्रॉन सुटतात, प्रकाश असो वा नसो. याला डार्क करंट म्हणतात. नेहमीच्या तापमानाला ठिपका एका क्षणात या खोट्या इलेक्ट्रॉनांनी भरून जातो. पुरेसा गार केलेला चांगला डिटेक्टर मात्र शंभर सेकंदांत एखादाच खोटा इलेक्ट्रॉन सोडतो.

हे पीठ मोबाइलमधल्या सिलिकॉनचं नसतं. सिलिकॉनला सुमारे १.१ मायक्रॉनच्या पुढचं दिसत नाही. तेवढं तरी दिसतं का, हे बघायला नातीला मी टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबायला लावलं. डोळ्याला काही नाही, पडद्यावर मात्र रिमोटच्या टोकाला जांभळट दिवा लुकलुकला. ‘आबा, हा चोरून पेटतो!’ रिमोटचा उजेड ०.९४ मायक्रॉनचा, म्हणून तो सापडला. त्याच्या बऱ्याच पुढचं बघायला पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांचं मिश्रण लागतं. १९५९ साली इंग्लंडात माल्व्हर्नच्या रडार संशोधन केंद्रातल्या लोकांनी ते जगापुढे आणलं. कॅडमियम कमी-जास्त केलं की किती लांबच्या तरंगापर्यंत दिसेल ते ठरवता येतं. मात्र स्फटिक वाढवताना पारा उडून जायला बघतो, आणि त्याला धरून ठेवण्यात कारखान्यांची हयात जाते.

रिमोटचा दिवा मला आवडत नाही. कारण सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एक कॅमेरा बांधून पूर्ण झाला होता. अंधाराची चाचणी लावली. काचेच्या खिडकीवर आतून थंड झाकण, म्हणजे चित्र सगळं काळं यायला हवं. आलं ते डाव्या कोपऱ्यात चंद्रकोर घेऊनच. सगळ्यांना वाटलं, कुठून तरी उजेड शिरतोय. डबा काळ्या कापडात गुंडाळला, वर फॉइल, खोलीतल्या ट्यूबलाइट बंद. कोर होती तिथेच. आता डबा उघडायचा म्हणजे काय, ते वाचकांना कळावं म्हणून सांगतो. आधी एक दिवस तो हळूहळू गरम होऊ द्यायचा. घाई केली तर डिटेक्टरला तडा, कारण वरचं पीठ आणि खालचं सिलिकॉन वेगवेगळ्या मापानं फुगतात. मग उघडायचा, बघायचं, बंद करायचा. रात्रभर पंप. दुसऱ्या दिवशी पुन्हा हळूहळू गार. म्हणजे एका शंकेला तीन दिवस. आम्ही चार शंका तपासल्या. पहिल्या फेरीत वेगळंच निघालं : ओ-रिंगखाली (डबा हवाबंद करणाऱ्या रबरी कड्याखाली) एक केस. पांढरा होता, म्हणजे माझा नव्हता, तेव्हा माझे काळे होते. केस काढला, निर्वात सुधारलं, कोर गेली नाही.

बाराव्या दिवशी संध्याकाळी मी फिल्टरच्या चाकाच्या मोटरचा सप्लाय बंद केला आणि चाचणीचं चित्र अजून चालूच होतं. कोर गायब. चाक कुठल्या जागी थांबलंय ते कळावं म्हणून त्याच्या कडेला एक छोटा सेन्सर होता, आणि त्या सेन्सरमध्ये रिमोटमध्ये असतो तसलाच अवरक्त एलईडी, ज्वारीच्या दाण्याएवढा. सेन्सर मी स्वतः बसवला होता. सोल्डर माझं, स्क्रू माझे. काळाकुट्ट डबा करण्यासाठी एवढी यातायात आणि आत मीच दिवा लावून ठेवलेला. सर काही बोलले नाहीत. चहा मागवला. दुसऱ्या दिवशी सेन्सर काढून तिथे साधा मायक्रोस्विच लावला.

तर ढोल थांबला, पंखे थांबले. उरला डिटेक्टर वाचणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतःचा आवाज, त्याला रीड नॉइज म्हणतात. ठिपक्यात साठलेला एक इलेक्ट्रॉन सुमारे चार मायक्रोव्होल्टचा फरक पाडतो. पेन्सिल सेलच्या दीड व्होल्टचे पावणेचार लाख भाग केले तर त्यातला एक. एवढा फरक मोजताना लिफ्ट सुरू झाली तरी चित्रात तिरके पट्टे उठतात. आमच्याकडे एक कॅमेरा असा होता की त्याचे पट्टे दुपारी एक ते दीड बरोबर नाहीसे व्हायचे. वर्कशॉपमधलं वेल्डिंग मशीन जेवायला गेलेलं असायचं. उपाय म्हणून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावला आणि सगळ्या उपकरणांचं अर्थिंग तांब्याच्या जाड वेणीनं एकाच बिंदूला आणलं. ते करण्यात एक पावसाळा गेला. पावसाळ्यात आणखी एक व्याप : थंड खिडकीच्या काचेवर बाहेरून दव धरतं, मग तिच्यावर कोरड्या नायट्रोजनची बारीक फुंकर चालू ठेवावी लागते.

मोजण्याची रीत मात्र किराणा दुकानातली आहे. आधी रिकामं भांडं तोलायचं, मग भरलेलं, आणि वजाबाकी करायची. अवरक्त डिटेक्टरची एक सोय अशी की साठलेला विद्युतभार न सांडता पुन्हा पुन्हा वाचता येतो. काटा थरथरतो ना, मग रिकामं भांडं सोळा वेळा तोला, भरलेलं सोळा वेळा तोला, सरासरी काढा. चूक चौथ्या हिश्शावर येते. ॲल फाउलर आणि इयान गॅटली या दोघांनी १९९० साली ही रीत खगोलशास्त्राच्या कॅमेऱ्यांसाठी मांडली, आणि तेव्हापासून ती ‘फाउलर सॅम्पलिंग’ म्हणून चालते. पंधरा-अठरा इलेक्ट्रॉनांची खरखर अशानं पाचापर्यंत उतरते. पण त्याला वेळ लागतो, आणि काही कामांत वेळच नसतो.

इथे लेखातलं दुसरं विधान येतं, की कॅमेऱ्याची ताकद मेगापिक्सेलमध्ये. १९८६ साली हवाई बेटावरच्या ब्रिटिश अवरक्त दुर्बिणीवर जो पहिला नावाजलेला कॅमेरा चढला, त्यात ६२ गुणिले ५८ ठिपके होते. साडेतीन हजारांच्या वर थोडे. त्याआधी लोक एकाच ठिपक्यानं आकाश चाचपत होते, आंधळ्यानं बोटानं चेहरा ओळखावा तसं. आज जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीवर ज्या जातीचे डिटेक्टर आहेत त्यांत एकेकात बेचाळीस लाख ठिपके. वाढ मोठी आहे, नाही म्हणत नाही. पण मला सर्वांत कौतुक आहे ते ३२० गुणिले २५६ ठिपक्यांच्या एका चिपचं. नाव ‘सफायरा’. इंग्लंडात साउदॅम्प्टनला, आता लिओनार्दो म्हणतात त्या कंपनीत, ती घडली. पैसा आणि पाठपुरावा युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीचा, आणि हवाई विद्यापीठातल्या लोकांनीही ती घासूनपुसून घेतली. जुन्यात जुन्या मोबाइललाही तिच्या ब्याऐंशी हजार ठिपक्यांचं हसू येईल.

तिची करामत अशी. फोटॉननं सोडवलेला इलेक्ट्रॉन वाचायच्या आधीच, पिठाच्या आतच, तिथल्या विद्युतदाबानं पळवला जातो. पळताना तो आणखी इलेक्ट्रॉन उडवतो, ते आणखी. एकाचे पन्नास होतात, आणि मग वाचणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सची खरखर पन्नासांपुढे लिंबूटिंबू ठरते. ही साखळी दुसऱ्या पदार्थांतही चालते, पण तिथे इलेक्ट्रॉनाबरोबर त्याची रिकामी जागाही धावू लागते आणि गुणाकार दर वेळी वेगळा येतो, म्हणजे एक खरखर मारायला जाऊन दुसरी घरात घेतली. पारा-कॅडमियमच्या या मिश्रणात धावतो तो जवळजवळ एकटा इलेक्ट्रॉन, म्हणून गुणाकार स्वच्छ राहतो. सेकंदाला हजार वेळा वाचूनही खरखर एका इलेक्ट्रॉनाच्या आत. आमच्या उमेदीच्या काळात असं कुणी म्हणालं असतं तर आम्ही त्याला पाणी विचारलं असतं.

चिलीत पारानाल डोंगरावर आठ-आठ मीटरच्या चार दुर्बिणींचा प्रकाश ‘ग्रॅव्हिटी’ नावाच्या उपकरणात एकत्र आणतात. हवेच्या थरथरीनं तो जुळलेला प्रकाश हजारांश सेकंदात निसटतो. तो कुठे निसटतोय हे क्षणाक्षणाला बघून आरसे हलवायला सांगायचं, हे ‘सफायरा’चं काम. ते जमलं म्हणून मे २०१८ मध्ये आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी एस-टू हा तारा कृष्णविवराच्या अगदी जवळून, सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून जास्त वेगानं गेला, ते नीट मोजता आलं. साध्या प्रकाशात तिथून निघालेल्या एक लाख कोटी फोटॉनांतला जेमतेम एक आपल्यापर्यंत येतो, बाकीचे धूळ गिळते. सव्वादोन मायक्रॉनला मात्र दहातला एक पोचतो. २०२० चं नोबेल त्या मध्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवणाऱ्या राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना मिळालं, रॉजर पेनरोज यांच्याबरोबर. आपल्या दैनिकातही तेव्हा पहिल्या पानावर बातमी होती. कॅमेऱ्याबद्दल ओळ नव्हती. कात्रण जपून ठेवलंय, म्हणून खात्रीनं सांगतो.

हे सगळं परदेशात, आपलं काय? असं काही नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अवरक्त गटानं ‘टिरकॅम-टू’ नावाचा कॅमेरा बांधला. तो हेलियमच्या बंद चक्रानं ३५ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २३८ अंशापर्यंत गार होतो. (चिन्ह सांभाळा.) हा कॅमेरा पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या, जुन्नरजवळच्या गिरवलीच्या दुर्बिणीवर आणि अबूच्या गुरुशिखरावर चालवून बघितला गेला, पुढे नैनितालजवळ देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर गेला. त्याच गटाचा ‘टिरस्पेक’ लडाखमध्ये हानलेला काम करतो. गिरवलीच्या रस्त्यानं भीमाशंकरला जाणारे हजारो लोक असतील. डोंगरावरच्या त्या पांढऱ्या घुमटात अवरक्त कॅमेरा लागला होता, हे त्यांतल्या किती जणांना माहीत आहे?

अडतं ते शेवटच्या बोटभर चौकोनापाशी. डबा आपला, निर्वात आपलं, बरंचसं इलेक्ट्रॉनिक्स आपलं, पण मधली चिप अमेरिकेतून येते. अशी चिप करणारे कारखाने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे आहेत. हीच चिप क्षेपणास्त्राच्या डोळ्यातही बसते, त्यामुळे ती विकत घ्यायला नुसते पैसे पुरत नाहीत, त्यांच्या सरकारचा परवाना लागतो. दिल्लीच्या सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरीत या पिठावर संरक्षणासाठी अनेक वर्षं काम झालेलं आहे, म्हणजे आपल्याकडे अगदी पाटी कोरी नाही. लष्कराला मात्र खगोलशास्त्राइतकी शांतता लागत नाही. आता माझं अडाणी मत : बेचाळीस लाख ठिपक्यांच्या मागे लागूच नये. ३२० गुणिले २५६ करावं, दोष असलेले ठिपके खुशाल असू द्यावेत, पण खरखर एका इलेक्ट्रॉनाच्या खाली आणावी. कुणी म्हणेल, म्हाताऱ्याला सोपं वाटतंय. सोपं नाहीच. नासालाही नाही. २०१० च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं, की वेबसाठी केलेले डिटेक्टर नुसते ठेवल्या जागी बिघडतायत. ठिपके जोडायला नखानं ओरखडेल इतका मऊ इंडियम धातू वापरतात, तो मधला अडसर ओलांडून शेजारच्या धातूत हळूहळू मिसळत होता. रचना बदलून नवे डिटेक्टर करावे लागले. दुर्बीण उडाली २५ डिसेंबर २०२१ ला.

आणि एक घरचं दुखणं. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या जागी कुणी आलं नाही. जागाच गोठवली. आता कंत्राटावर मुलगा येतो, हुशार असतो, ओ-रिंगला बोट फिरवून केस कळायला लागतो तोवर त्याचं कंत्राट संपतं. त्याच्यानंतर दुसरा येतो आणि पहिल्यापासून सुरू होतं. हेलियम लीक डिटेक्टरची, म्हणजे गळती शोधणाऱ्या यंत्राची, नळी कुठे धरायची हे पुस्तकात आहे. किती हळू सरकवायची हे मला माझ्या आधीच्या काकांनी मनगट धरून शिकवलं होतं, आणि माझ्याकडून शिकायला मनगट मिळालं नाही. आपल्या पुरवणीत दर जूनमध्ये ‘दहावीनंतर काय’ असतं. त्यात एकदा आयटीआयच्या इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकसाठी असलीही कामं असतात, एवढी ओळ टाकता आली तर बघावं. पत्ता विचारत कुणी आलंच तर मला रोज दुपारी तीननंतर वेळ आहे.

पत्र लांबलं. काटछाट करायची तर नोबेलचा परिच्छेद कापा, चंद्रकोरीचा ठेवा. आणि दुरुस्ती छापाल तेव्हा ‘उणे’ हा शब्द कृपया अक्षरांत छापा. चिन्ह पुन्हा गळेल.

आपला,
एक निवृत्त तंत्रज्ञ, बदलापूर (पूर्व)
(नाव छापू नये ही विनंती. जुने सहकारी केसावरून अजून चिडवतात.)